बिनपेरांचा ऊस

मी पहिली नळी कॅलेंडरवरच्या एक तारखेसमोर धरली. एकाचा आकडा दिसेना. दुसरी दोन तारखेसमोर धरली, तोही दिसेना. अशा आठ नळ्या आठ तारखांसमोर धरून झाल्या, तेव्हा मी वहीत आठ ओळींत 'वाढ आहे' असं लिहिलं आणि खाली लाल शाईने शेरा मारला : निष्क्रिय. खोत सर माझ्या मागे उभे होते. निकाल बघताना त्यांना बसवत नसे. बोर्डावर पोराचा नंबर शोधणाऱ्या बापासारखी मान पुढे काढून ते उभे राहत, आणि त्यांचा श्वास माझ्या मानेला लागला की माझं डोकं फिरायचं.

ही कॅलेंडरची पद्धत आमचे मार्गदर्शक डॉ. निमकर यांची. नळीत जिवाणूंना आवडणारं पातळ खाद्य घ्यायचं, त्यात जिवाणू सोडायचे, ज्याची परीक्षा घ्यायची ते औषध घालायचं आणि एक दिवस उबेत ठेवायचं. दुसऱ्या दिवशी नळी नितळ राहिली तर औषधाने जिवाणू रोखले. गढूळ झाली तर जिवाणू मजेत आहेत. गढूळपणा मोजायचं यंत्र कित्येक वर्षं बंद पडलं होतं आणि ते दुरुस्त करून घेण्याएवढी धडाडी निमकर सरांच्या अंगात नव्हती. त्यांनी भिंतीवर ठळक आकड्यांचं कॅलेंडर लावलं. नळीतून तारीख वाचता आली की औषध पास, नाही आली की नापास. या थोर शास्त्राच्या जोरावर आमच्या केंद्रात पाच जण डॉक्टर झाले होते आणि सहावा मी होणार होतो.

केंद्राचं नाव सांगत नाही. ते कोल्हापुरात आहे, अजून आहे, आणि पायऱ्या चढून आत गेलात तर डाव्या भिंतीवर माझा फोटो आहे. अजून हार घातलेला नाही, एवढंच.

गोष्ट शहाण्णव सालच्या मार्चमधली. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो आणि माझ्याएवढा हुशार माणूस पंचगंगेच्या अलीकडे-पलीकडे नाही याबद्दल माझी खात्री होती. निमकर सरांचीही होती. म्हणून सगळ्यांच्या नळ्या वाचायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं होतं. कोणाचं औषध चाललं आणि कोणाचं नाही हे मी लिहायचं आणि सरांनी न वाचता सही करायची.

बळवंत खोत तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचे होते. भुदरगडाकडच्या एका कॉलेजात ते वीस वर्षं शिकवत होते आणि डॉक्टरेटसाठी त्यांना दोन वर्षांची रजा मिळाली होती. अशी रजा नोकरीत एकदाच मिळते. ती तीस एप्रिलला संपणार होती, आणि त्याआधी हातात काही लागलं नाही तर ते होते तसेच परत जाणार होते. त्यांच्या प्राचार्यांनी निरोप देताना सगळ्या स्टाफसमोर सांगितलं होतं म्हणे, की खोत, या वयात कशाला हसं करून घेताय. हे त्यांनी स्वतःच मला सांगितलं. अशी गोष्ट माझ्यासारख्याला सांगू नये एवढीही त्यांना समज नव्हती.

माझा त्यांच्यावर राग नव्हता. राग यायला माणूस बरोबरीचा लागतो. मला ते नुसते बघवत नसत. पायात करकरणारी कोल्हापुरी, शर्टाच्या खिशाला तीन पेनं, जेवताना डब्याचं झाकण ताटासारखं मांडीवर घ्यायची सवय. इंग्रजी शब्द ते असे उच्चारत की मी मुद्दाम त्यांना पुन्हा विचारायचो, "काय म्हणालात?" आणि ते बिचारे पुन्हा म्हणायचे. बाकीचे वहीत तोंड खुपसून हसायचे. त्यांच्यातही काही दम नव्हता, पण निदान कुठे हसायचं ते त्यांना कळत होतं.

खोत सरांनी त्यांच्या गावच्या गुऱ्हाळातून माती आणली होती. उसाचा रस उकळताना वर येणारी घाण, म्हणजे मळी, वर्षानुवर्षं ज्या खड्ड्यात टाकत त्या खड्ड्यातली माती. तिच्यातून त्यांनी एक सूक्ष्मजीव वेगळा काढला होता. तो काहीतरी औषधासारखं द्रव्य सोडतो आणि त्याने दुसऱ्या जिवाणूंना त्रास होतो, असं त्यांचं म्हणणं होतं. मी त्या सूक्ष्मजीवाचं नाव मळीबाई ठेवलं. आठ दिवसांत पूर्ण केंद्रात तेच नाव झालं. "काय खोत सर, मळीबाई काय म्हणतात?" असं शिपाईसुद्धा विचारायला लागला.

तर त्या गुरुवारी मी 'निष्क्रिय' लिहून वही मिटली आणि खोत सर म्हणाले, "देवस्थळी सर, गढूळ हाय हे मान्य. पण गढूळपणा कसला हाय ते तरी बघा की."

मी म्हणालो, गढूळ म्हणजे गढूळ, त्यात जाती-पोटजाती नसतात.

त्यांनी माझं ऐकलं नाही. औषध न घातलेली साधी नळी डाव्या हातात घेतली, आपली उजव्या हातात घेतली आणि खिडकीच्या उजेडात दोन्ही हलकेच फिरवल्या. साध्या नळीत नेहमीचं होतं : ताकासारखं एकजीव पांढुरकं. त्यांच्या नळीत मात्र काहीतरी तलम, चमकदार, वळत फिरत होतं. ते मला दिसलं. मी म्हणालो, नळी नीट धुतली नसेल, साबण राहिला असेल.

नळ्या ते स्वतः धुवायचे, आणि त्यांच्याइतक्या स्वच्छ नळ्या केंद्रात कोणाच्याही नसत. त्यांनी तेही म्हटलं नाही. त्यांनी टेबलाखालून दोन काचेच्या बश्या काढल्या. आधीच्या खेपेच्या अशाच दोन नळ्यांतलं द्रावण सारखंच पातळ करून त्यांनी आदल्या दिवशी त्या बश्यांत पसरलं होतं. जिवंत राहून पिल्लावळ वाढवू शकणाऱ्या प्रत्येक जिवाणूचा बशीत एक ठिपका उमटतो. साध्या नळीच्या बशीत मोजता येणार नाहीत एवढे ठिपके होते. त्यांच्या बशीत तेवीस.

"वाढ हाय," ते म्हणाले, "पण पैदास न्हाई."

मला हसू आवरेना. पैदास. म्हशींच्या बाजारात बोलायचा शब्द. मी तिथल्या तिथे शेजारच्या खोलीत जाऊन सांगितलं की खोत सरांनी नवा सिद्धान्त मांडलाय, आणि दुपारच्या चहापर्यंत तो सगळ्या मजल्यांवर पोचला. निमकर सरांच्याही कानावर गेला. ते चहा सांडेपर्यंत हसले आणि मला म्हणाले, "देवस्थळी, हे तुझ्या प्रबंधाच्या प्रस्तावनेत घाल." ठिपक्यांबद्दल मी खोत सरांना सांगितलं की पातळ करताना तुमचा हात चुकला असणार. त्यांनी तीनदा केलं होतं. तीनदा चुकला असणार, मी म्हणालो.

शुक्रवारी सकाळी मी आलो तर ते सूक्ष्मदर्शकापाशी उभे होते. काचेवर जिवाणू पसरून, जांभळा रंग देऊन, भिंगाखाली लावून त्यांनी माझ्यासाठी खुर्चीसुद्धा पुसून ठेवली होती.

"एकदा बघा. मग काय लिहायचं ते लिहा."

मी म्हणालो, बघायचं काय आहे? आम्ही परीक्षेला वापरायचो तो बॅसिलस नावाचा जिवाणू तसाही कधीकधी साखळी करून राहतो. पेशी फुटतात, पण एकमेकींना चिकटून राहतात. पहिल्या वर्षाच्या पोराला माहीत असतं. तुम्हाला लांबलांब धागे दिसले असतील तर त्या साखळ्या आहेत.

"साखळीला पेरं असत्यात," खोत सर म्हणाले. "मी काल दुपारपासनं पेरं शोधतोय. ह्याला पेरंच न्हाईत."

मग त्यांनी मला, म्हणजे मला, एखाद्या पोराला समजावावं तसं समजावलं. उसाची कांडी लावतात ती पेराला डोळा असतो म्हणून लावतात. पेर आहे तर डोळा, डोळा आहे तर कोंब. जिवाणूचंही तेच. मध्ये पडदा पडतो, एकाचे दोन होतात. हे औषध घातलं की तो खाऊनपिऊन लांब होतो, नळी गढूळ करतो, पण मध्ये पडदाच पडत नाही. "बिनपेरांचा ऊस हाय हो हा. दिसायला भरघोस. लावायचा कुठनं?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "मला वाटतं, आतलंच काहीतरी आतल्याला खातंय. पडदा पाडणारं जे काय असंल ते. पण ते माझ्यानं एका महिन्यात न्हाई व्हायचं. तुम्ही बरोबर असलासा तर होईल. नाव तुमचं आधी घाला."

मी बसलो. बघितलं. मग उठलो, भिंगावरचं तेल पुसलं, उद्या सरांशी बोलतो म्हणालो आणि डबा खायला गेलो. डब्यात शेपूची भाजी होती. असल्या गोष्टी मला नेमक्या आठवतात.

शनिवार तीस मार्च. त्या उन्हाळ्यात केंद्रातला मोठा फ्रीजर बसला होता आणि लहान फ्रीजरमध्ये आठच जणांचे सूक्ष्मजीव मावणार होते. आम्ही चौदा जण होतो. ज्याचं औषध चालतं त्याचा सूक्ष्मजीव ठेवायचा, बाकीच्यांनी आपापले निर्जंतुक करून टाकायचे, असं निमकर सरांनी ठरवलं आणि दुसऱ्या मजल्यावर बैठक घेतली. जिवंत जिवाणू इकडेतिकडे ठेवायचे नाहीत आणि घरी न्यायचे नाहीत, हा नियम होता. तो पाळणारा खोत सरांशिवाय दुसरा माणूस मला तिथे आठवत नाही.

निमकर सर माझी वही उघडून एकेक नाव वाचत होते. खोत, निष्क्रिय. सर पुढच्या नावावर जाणार तेवढ्यात खोत सर उभे राहिले. हातात दोन्ही बश्या होत्या. नळी गढूळ आहे पण त्यात वेगळं काहीतरी आहे, असं त्यांनी इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला, आणि 'डिव्हिजन' शब्दावर त्यांची जीभ अशी काही अडखळली की मागच्या बाकावर कोणीतरी खाकरलं. मग ते मराठीत म्हणाले, की देवस्थळी सरांनी काल स्वतः सूक्ष्मदर्शकातून बघितलंय.

निमकर सरांनी चष्मा वर केला. "बघितलंस तू?"

"बघितलं, सर."

"मग?"

"साखळ्या आहेत," मी म्हणालो. "बॅसिलसच्या नेहमीच्या साखळ्या."

मागून कोणीतरी हळूच "पैदास" म्हणालं आणि खोली हसली. निमकर सरांनी नावापुढे काट मारली. खोत सर माझ्याकडे बघत उभे होते. भांडण नाही, विनवणी नाही, काही नाही. मग ते "बरं" म्हणाले आणि बसले.

खालच्या मजल्यावर ऑटोक्लेव्ह होतं, वाफेवर सगळं मारून टाकणारं मोठं भांडं. मी तासाभराने खाली उतरलो तेव्हा खोत सर त्या खोलीच्या दारात हात मागे बांधून उभे होते. भांडं तापत होतं, त्यांच्या नळ्यांची जाळी अजून बाहेर टेबलावर होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी घड्याळाकडे बघितलं आणि पुढे गेलो. वाफेला भिऊन दारात उभा राहिलाय गडी, असं मी वर जाऊन सांगितल्याचंही मला आठवतं. तेवढ्यावर सगळे पुन्हा हसले.

थोड्या वेळाने शिट्टी ऐकू आली. त्यांनी नळ्या धुतल्या आणि पालथ्या घालून ठेवल्या.

नंतरच्या महिन्यात ते तीनदा गुऱ्हाळावर जाऊन आले. मालकाने खड्डा बुजवून वर ट्रॅक्टरची शेड टाकली होती. आजूबाजूची माती आणून त्यांनी रोज पहाटेपासून काम केलं, शंभरेक सूक्ष्मजीव तपासले, पण तो पुन्हा काही सापडला नाही. तीस एप्रिलला केंद्राने त्यांना नारळ आणि शाल दिली. मी भाषण केलं. खोत सरांच्या सहवासात आम्हा सगळ्यांची वाढ झाली, असं म्हणालो, आणि 'वाढ' शब्दावर थांबलो. पुढची ओळ लोकांनी आपापल्या मनात पूर्ण केली आणि टाळ्या पडल्या. खोत सरही हसले. मग बॅग आणि तीन पेनं घेऊन एसटीने गावी गेले, आणि त्यांच्या प्राचार्यांचं म्हणणं खरं झालं.

मी डॉक्टर झालो. त्याच केंद्रात लागलो आणि निमकर सर गेल्यावर त्यांच्या खुर्चीवर बसलो. माझ्या हाताखाली सहा जणांनी डॉक्टरेट केली. त्यांतल्या चौघांना भिंग पुसता येत नाही आणि दोघांना ते पुसायचं असतं हेच माहीत नाही. मी स्वतः जे शोध लावले ते मला सोडून कोणाला आठवत असतील तर त्या माणसाला भेटायला मला आवडेल.

पंधरा वर्षांनी, दोन हजार अकरामध्ये, एका परदेशी गटाचा लेख माझ्या टेबलावर आला. मी तो चाळायला घेतला आणि दुसऱ्याच पानावरच्या फोटोपाशी थांबलो. लांबच लांब धागे. मध्ये कुठे पडदा नाही.

लेखात लिहिलं होतं ते सोपं करून सांगतो. जिवाणूला एकाचे दोन व्हायचं असतं तेव्हा त्याच्या पोटात, बरोबर मधोमध, एका प्रथिनाचं कडं तयार होतं. ते कडं आवळत जातं आणि तिथे पडदा पडतो. त्याच पेशीत आणखी एक यंत्र असतं, निकामी प्रथिनं आत ओढून त्यांचे तुकडे करणारं. एरवी त्याच्या तोंडाशी राखणदार असतात आणि ते सांगतील तेवढंच ते खातं. मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून मिळालेलं एक औषध त्या यंत्राला जाऊन चिकटतं आणि त्याचं तोंड उघडं ठेवतं. राखणदारांना कोणी विचारत नाही. मग ते यंत्र कड्याचं प्रथिनच खाऊन टाकतं. कडं नाही, पडदा नाही, दोन होणं नाही. औषध कमी असेल तर पेशी खात राहते, लांबत राहते, नळी छान गढूळ करते, आणि शेवटी मरते. आतलंच आतल्याला खातं. हे वाक्य लेखात नव्हतं. ते मी शहाण्णवच्या मार्चमध्ये ऐकलं होतं.

खोत सरांचं औषध ते हेच, असं मी म्हणत नाही. तसं म्हणायला पुरावा लागतो आणि तो मी ऑटोक्लेव्हमध्ये पाठवला होता.

इथे मला एक सांगायचं राहिलंय. राहिलंय कसलं, मी ठेवलं होतं. त्या शुक्रवारी मी सूक्ष्मदर्शकातून बघितलं ते असं : एक जांभळा धागा डावीकडून उजवीकडे पार गेलेला. मी काच सरकवली आणि त्याच्या मागोमाग गेलो. एक टोक सापडलं, मग दुसऱ्या टोकापर्यंत गेलो. भिंग बारीक बारीक फिरवून पेर शोधलं. शोधलं म्हणजे हवं होतं मला एक तरी पेर. दुसरा धागा घेतला, तिसरा घेतला. एकातही नव्हतं. साखळ्या नव्हत्याच त्या. मला ते तेव्हाच कळलं, आणि हा गुऱ्हाळवाला बरोबर आहे हेही कळलं. पण वहीत लाल शाईने लिहून झालं होतं, मजल्यामजल्यावर हसून झालं होतं, आणि ज्या माणसाचे उच्चार मी दोन-दोनदा करून घेत होतो त्याच्यापुढे 'माझं चुकलं' म्हणायला माझी जीभ वळेना. दुसरं काही कारण नव्हतं. माझा स्वार्थसुद्धा नव्हता त्यात. स्वार्थ असता तर त्याने नाव आधी घालायला दिलं होतं तेव्हाच मी उडी मारली असती. निमकर मूर्ख होता, त्याला माफ करता येतं. मी मूर्ख नव्हतो.

त्याच वर्षी डिसेंबरात एका तपासणी समितीचा सदस्य म्हणून मला भुदरगडाकडच्या त्या कॉलेजात जायची वेळ आली. टाळता आलं असतं. प्रयोगशाळेच्या दारावर पाटी होती : प्रा. बी. आर. खोत, विभागप्रमुख. 'डॉ.' नव्हतं. निवृत्तीला सहा महिने उरले होते. केस पांढरे, खिशाला तीन पेनं तशीच. "या, देवस्थळी सर," म्हणाले आणि माझ्यासाठी खुर्ची पुसली.

समितीचे बाकीचे दोघं प्राचार्यांच्या खोलीत काजू खात होते. मी विद्यार्थ्यांची जर्नल्स उघडली. आमच्या केंद्रात नळ्यांच्या तक्त्याला एकच रकाना असायचा, अजूनही असतो. इथे प्रत्येक जर्नलमध्ये दोन होते. पहिल्यावर लिहिलं होतं 'वाढ', दुसऱ्यावर 'पैदास'. नळी बघून पहिला भरायचा, सूक्ष्मदर्शक आणि बशी बघून दुसरा. वेगवेगळ्या अक्षरांत, वीस-पंचवीस जर्नलांमध्ये, तोच शब्द. मागच्या वर्षांची जर्नल्सही कपाटात होती. त्यांतही होता.

मी बॅगेतून तो लेख काढला आणि त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावला, फोटो बघितला, बराच वेळ बघितला. "पेरं न्हाईत," ते म्हणाले आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला तिथे थांबवेना. त्यांना आनंद झाला होता. हेवा नाही, हळहळ नाही, नुसता आनंद, की होतं ते खरं होतं. हा माणूस मला एकदा तरी शिव्या देईल तर बरं, असं मला वाटत होतं, आणि त्याला तेही जमत नव्हतं.

"खोत सर," मी म्हणालो, "त्या शुक्रवारी मी बघितलं तेव्हा..."

"अकरा मिनिटं बघत होता तुम्ही," ते म्हणाले. "घड्याळ समोरच होतं. साखळ्या वळखायला येवढा वेळ लागत न्हाई."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं? मग सरांसमोर बोलला का नाहीत?"

ते जर्नल्सचा गठ्ठा टेबलावर आपटून कडा सारख्या करत होते.

"तुम्ही बोलाल म्हणून थांबलो की. भांडं तापायला अर्धा तास लागतो. माझं तर तुम्ही यायच्या आधीच तापलं होतं. वाफ सोडून द्यायचो, परत लावायचो. तुम्ही जिन्यावरनं खाली आलात तेव्हा वाटलं, आलात."

बोलण्यासारखं पंधरा वर्षांपूर्वी होतं.

त्यांनी वरचं जर्नल उघडून माझ्यापुढे सरकवलं आणि खिशातलं एक पेन काढून दिलं. तपासलं म्हणून समितीच्या सदस्याची सही लागते. मी सही केली, आणि सवयीने नावाआधी 'डॉ.' लिहिलं.